चाळीस ठोक्यांच्या पुढे

हत्तिणीला पाणी पाजायचं काम मुलीकडे होतं. हत्तीण म्हणजे त्यांचा ट्रक. राखाडी रंगाचा, चार जाड चाकांचा, चढावर फुरफुरणारा आणि उतारावर कण्हणारा. त्याच्या पाठीवर बाबांनी स्वतःच्या हातांनी एक खोली बांधली होती. त्या खोलीत दोन बर्नरची शेगडी होती, उघडली की टेबल आणि मिटली की भिंत होणारी एक फळी होती, आईचं ताडपत्र्या शिवायचं वजनदार मशीन होतं आणि वर छताला खेटून मुलीचा बिछाना होता. तिथे उठून बसलं की डोकं आपटायचंच. त्या तिघांना दुसरं घर नव्हतं. गेली सात वर्षं नव्हतं. बाबा गावोगावचे पंप दुरुस्त करत, आई ताडपत्र्या शिवून देई, आणि काम संपलं की घर चालू करून पुढे निघायचं.

त्या सकाळी मिठाच्या मैदानाअलीकडच्या शेवटच्या नळावर मुलगी पाइप धरून उभी होती. टाकी दोनशे लिटरची, धार करंगळीएवढी. नळाची राखण करणाऱ्या काकू खुर्ची टाकून शेजारीच बसल्या होत्या.

"काय गं, कितवीत आहेस?"

मुलगी नुसती हसली आणि पाइपाकडे बघू लागली.

"बोलत नाही का ही?" काकूंनी आईला विचारलं.

"बोलते ना. वर्षातून दोनदा," आई म्हणाली. "यंदाचं बोलून झालंय."

"आमची मौनीबाई आहे ती!" गाडीखालून बाबा ओरडले. बाबा हल्ली सगळंच जरा ओरडून बोलत.

काकू हसल्या. मौनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टाकी भरली, तिने झाकण फिरवून घट्ट केलं, पाइप गुंडाळला आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे डाव्या चाकापाशी तिला एक काम होतं, आणि ते बाबा गाडीखालून बाहेर यायच्या आत उरकायचं होतं.

घराला झाडलोट लागते तशी हत्तिणीला रोजची सेवा लागे. ब्रेकच्या हवेच्या टाकीत जमलेलं पाणी सोडायचं, डिझेलच्या फिल्टरमधला गाळ काढायचा, ऑइलची पट्टी पुसून बघायची, जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे ग्रीस भरायचं, छताच्या सांध्याला चीर गेली आहे का ते वर चढून पाहायचं. यातलं एखादं काम एखाद्या दिवशी राहिलं तर बाबा काही बोलत नसत. पण चाकं ठोकणं राहून चालत नसे.

प्रत्येक चाकाला दहा नट. चार चाकांचे चाळीस. बाबा छोटी हातोडी घेऊन एकेका नटावर हलका ठोका देत. घट्ट बसलेला नट घंटीसारखा बोलतो, ठण्. सैल झालेला, किंवा ज्याच्या आतला स्टड, नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा, तडकलाय असा नट मुका होतो, ठप्प. शिवाय डोळ्यांसाठी वेगळी खूण होती. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत बाबांनी पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली होती. नट केसभर जरी फिरला तरी ती रेघ मोडते. एक चाक झालं की बाबा म्हणत, "बरं!" आणि त्यांच्या मागोमाग रेघा बघत आलेली मौनी उत्तर देई, "बरं." दिवसातले तिचे हे चार शब्द ठरलेले असत.

आता मौनीने कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगायला हवी. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं. सगळंच नव्हे, इंजिनाची घरघर, आईचं रागावणं, ढगांचा गडगडाट हे ऐकू येई. पण बारीक, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसत. किटलीची शिट्टी वाजून वाजून थकायची. विनोदाला बाबा सगळे हसल्यावर हसायचे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहायचे आणि काही कळलं नाही की "हो हो" म्हणायचे. आणि चाकं ठोकताना ते हल्ली आवाज ऐकत नव्हते. नुसते ठोकत होते.

हे आईला कळलं तर काय होईल ते मौनीला पाठ होतं. हत्तीण घेतली त्याच वर्षी घाटात उलटलेला एक ट्रक त्यांनी पाहिला होता. चाक निखळून दरीत गेलं होतं. त्या दिवशी आईने अट घातली होती, "ज्या दिवशी तुम्हाला गाडीचं बोलणं कळेनासं होईल, त्या दिवशी ती विकायची. भाड्याची खोली घ्यायची, पोरीला शाळेत घालायचं." बाबांनी आईच्या हातावर हात ठेवून ते कबूल केलं होतं. मौनीला शाळा ठाऊक होती. एका गावात तीन महिने ती गेली होती. पन्नास मुलांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर येत असूनही तिच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही. हत्तिणीत तिला कोणी उभं करत नव्हतं.

म्हणून नऊ दिवसांपूर्वी मागच्या डाव्या चाकाचा एक नट ठप्प वाजला आणि बाबा "बरं!" म्हणून पुढे सरकले, तेव्हा मौनीने एक क्षण थांबून म्हटलं होतं, "बरं."

मग कोणी नसताना तिने लांब पाना लावून त्यावर उभं राहून पाहिलं. तिच्या वजनाला नट हलला थोडा, पण पुरता आवळला नाही. रेघ मोडलेली दिसत होती. ती आईला दिसली तर आई विचारणार, हे सकाळी ठोकताना कळलं कसं नाही? तेव्हा मौनीने रंगाचा डबा काढला, जुनी रेघ खरवडली आणि त्या जागी नवी ओढली. अगदी सरळ. तिचा हात चांगला होता. तीन दिवसांनी शेजारच्या दोन रेघा मोडल्या. तिने त्याही सरळ केल्या. आणि आज या नळापाशी, ती चौथी रेघ ओढत होती.

रंग वाळायच्या आतच बाबा हातोडी घेऊन आले.

ठण्, ठण्, ठण्, ठप्प, ठप्प, ठप्प, ठप्प, ठण्, ठण्, ठण्.

"बरं!" बाबा म्हणाले.

मौनी बाबांकडे बघत होती. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर ग्रीस लागलं होतं आणि ते खुशीत होते, कारण पलीकडच्या गावात तीन मोठे पंप त्यांची वाट बघत होते.

"बरं," ती म्हणाली.

मिठाचं मैदान म्हणजे आटून गेलेला समुद्रच. इकडच्या काठावरून तिकडचा काठ दिसत नाही. रस्ता असा नाहीच. अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर एकेक रिकामं पिंप उभं करून ठेवलंय, एका पिंपावरून दुसरं हेरत जायचं. नियम एवढाच की पुढचं पिंप दिसेनासं झालं की जिथे असू तिथे थांबायचं. अंदाजाने गेलेल्या गाड्या मऊ जागी खचतात.

दहाच्या सुमारास धुकं आलं. ते कुठून चालत आलं नाही, खालून उगवल्यासारखं आलं. आधी पिंप गेलं, मग क्षितिज गेलं, मग आरशात दिसणारी हत्तिणीची पाठ गेली. वर सूर्य होता, त्यामुळे अंधार अजिबात झाला नाही. उलट इतका उजेड झाला की डोळे मिटावेसे वाटावेत. वर पांढरं, खाली पांढरं, आणि मधे ते तिघं, जणू कोणीतरी त्यांना कापसात गुंडाळून पेटीत ठेवलंय. बाबांनी इंजिन बंद केलं.

असली शांतता मौनीने कधी ऐकली नव्हती. वारा नाही, पाखरू नाही. तापलेलं इंजिन थोडा वेळ टिकटिकलं आणि तेही गप्प झालं. हवेला ओलसर, खारट, जुन्या विहिरीसारखा वास येत होता.

ते मागच्या खोलीत जाऊन बसले. आईने किटली ठेवली आणि एक फाटलेलं सीटचं कव्हर शिवायला घेतलं. बाबा किटलीकडे पाठ करून नकाशा बघत होते. किटलीने शिट्टी दिली. आईने सुई थांबवली, पण उठली नाही. ती बाबांच्या पाठीकडे बघत राहिली. शिट्टी वाजत राहिली.

"अहो."

बाबा नकाशात.

"अहो ड्रायव्हरसाहेब!"

"हो हो," बाबा वळले.

"काय हो हो?"

"तेच… तू म्हणतेस तेच."

"मी काय म्हणाले?"

बाबा हसले. आई हसली नाही. मौनी पटकन उठली आणि तिने बर्नर बंद केला. शिट्टी हळूहळू खाली येत थांबली, आणि त्या पुन्हा पसरलेल्या शांततेत, बाहेर, गाडीच्या पुढच्या उजव्या अंगाला कोणीतरी ठोका दिला.

ठण्.

मौनी होती तिथे थिजली. आईने सुईत दोरा ओवला. तिने मान वर केली नाही. पण बाबांनी केली.

"कोण आहे?" बाबा म्हणाले.

"कुठे कोण आहे?" आई म्हणाली.

ठण्… ठण्…

"अगं, कोणीतरी चाकं ठोकतंय आपली!" बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मौनीने आयुष्यात पाहिला नव्हता असा झाला होता. भीती होती, पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. हरवलेलं माणूस अचानक दारात उभं दिसावं तसं. "ऐक… किती स्वच्छ! मला ऐकू येतंय…"

"मला काही ऐकू येत नाही," आई हळूच म्हणाली. "आणि तुम्हाला ऐकू येतंय?"

बाबांनी एक बोट वर धरलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला ते बोट किंचित हलत होतं. आईने मौनीकडे पाहिलं. मौनीचे ओठ हलत होते. बाबांचं बोट आणि मौनीचे ओठ एकाच तालात होते.

"दहा," मौनी पुटपुटली.

"दहा," बाबा म्हणाले.

आईच्या मांडीवरचं कव्हर खाली घसरलं. तिने ते उचललं नाही.

ठोके पुढच्या डाव्या चाकाशी गेले. ठोकणाऱ्याला घाई नव्हती. प्रत्येक नटाला तो वेळ देत होता, आवाज पुरता विरेपर्यंत थांबत होता, बाबांनी पूर्वी शिकवलं होतं अगदी तसा. पावलं मात्र वाजत नव्हती. मिठाच्या खपलीवर मांजर चाललं तरी करकर होते, आणि इथे दोन ठोक्यांच्या मधे काहीच नव्हतं. वीस झाले. मग मागचं उजवं. तीस. मग आवाज खोलीच्या मागून वळून डाव्या अंगाला आला, आईच्या मशीनच्या पलीकडे, भिंतीपासून हातभर अंतरावर.

ठण्. ठण्. ठण्.

मौनीने डोळे मिटले.

ठप्प.

बाबांचं बोट हवेत थांबलं. बाहेरचाही थांबला. मग त्याने त्याच नटावर पुन्हा ठोका दिला, ठप्प, आणि पुन्हा एकदा, ठप्प. जणू आत कोणीतरी उत्तर द्यायचं होतं आणि ते आलं नव्हतं. मग पुढचा नट, तीनदा. त्याच्या पुढचा, तीनदा. त्याच्याही पुढचा.

"चार," बाबा म्हणाले. "चार गेलेत… मी सकाळी ठोकले होते गं. मला सगळे सारखेच… एरवी मला नटांचा आवाजच येत नाही. दोन वर्षं झाली."

आई त्यांच्याजवळ सरकली.

"पण रेघा?" बाबा स्वतःशीच म्हणाले. "रेघा तर सरळ होत्या. मी पाहिल्या."

आता बोलायलाच हवं होतं. मौनी बाबांसमोर येऊन उभी राहिली, शाळेत उभं राहावं लागायचं तशी. "रेघा मी काढल्या," ती म्हणाली. "चारही. एकेक करून. नट फिरले होते."

"का?" आईने विचारलं. रागावून नाही. तेच जास्त लागलं.

"हत्तीण विकाल म्हणून."

बाबा खाली बसले. नेहमीच्या वेगाने आणखी पन्नास किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं, हे कोणालाच कोणाला सांगायची गरज नव्हती. आईने एक हात मौनीच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा बाबांच्या खांद्यावर, आणि ती म्हणाली, "झालं ना त्याचं मोजून? गेला का तो?"

कारण बोलता बोलता उरलेले तीन ठण् वाजून चाळीस झाले होते, आणि बाबांचं बोट खाली आलं होतं.

पण तो गेला नव्हता.

ठण्.

आवाज गाडीवर नव्हता. गाडीच्या डावीकडे, दहाबारा पावलांवर, धुक्यात होता. मौनी खिडकीशी गेली. काचेपलीकडे नुसतं पांढरं. तिथे काहीच नव्हतं, आणि तरी त्या काहीच नसलेल्या जागी कोणीतरी एका चाकाचे नट ठोकत होतं. हत्तिणीच्या नटांचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. हा वेगळा होता, जाडा, जड गाडीचा.

"पाचवं चाक," बाबा कुजबुजले.

मग सहावं. सातवं. त्या गाडीला सहा चाकं होती. ती संपली आणि ठोके आणखी पलीकडे गेले. तिथे दुसरी गाडी होती, लहान, पातळ आवाजाची. तिच्या पलीकडे तिसरी. एक एक करत तो त्या पांढऱ्या मैदानात लांब लांब जात होता, आणि जसजसा जात होता तसतशी मौनीला त्यांच्या शेजारी उभी असलेली रांग कळत होती. डोळ्यांना नव्हे, कानांना. गाडीला लागून गाडी, गाडीला लागून गाडी, शिस्तीत, तोंडं एकाच दिशेला; आजवर हे मैदान ओलांडायला निघालेलं सगळं काही. कुठे मधेच एखादा ठप्प होई. तिथे तो थांबे, तीनदा ठोके आणि पुढे जाई. खूप दूर गेल्यावर आवाज बदलला. लोखंड संपलं आणि लाकूड सुरू झालं. ठक्, ठक्, ठक्. मोठाली लाकडी चाकं, मग त्याहून मोठी, आणि ती रांग तरीही संपत नव्हती.

मौनीला रडू येत होतं आणि ते भीतीचं नव्हतं. एवढ्या सगळ्यांची चाकं कोणीतरी बघतंय, एकही नट न चुकवता, हे तिच्या छातीत मावत नव्हतं. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आई दोघांच्या मागे उभी होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने फक्त दोघांची मनगटं घट्ट धरली होती.

"अजून चाललंय?" तिने विचारलं.

"अजून," दोघं एकदम म्हणाले.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी ते ठोके इतके बारीक झाले की आहेत की नाहीत ते कळेना, आणि त्याच वेळी खिडकीच्या काचेवर निळा डाग दिसला. तो आभाळाचा होता. धुकं जसं आलं तसंच खाली झिरपून गेलं.

बाहेर काही नव्हतं. सपाट, स्वच्छ, कोरं मीठ, आभाळाला टेकेपर्यंत. हत्तिणीच्या चाकांचे दोन पट्टे मागे गेलेले, एवढीच काय ती खूण. पाऊल एकही नाही. पण धुक्याने गाडीवर मिठाचा ओलसर पापुद्रा बसवला होता, दारावर, काचेवर, टायरवर. आणि चाळीसच्या चाळीस नटांवर त्या पापुद्र्यात वाटाण्याएवढी एकेक जागा लख्ख पुसलेली होती.

बाबांनी पाना लावला. चौथा नट हाताने फिरला. दोन स्टड मुळापासून तडकले होते. एक तर बाहेर काढताना बाबांच्या तळहातात पडला. त्यांनी तो खिशात ठेवला. मग बाकीचे आठ नट त्यांनी पाइप लावून, सगळा भार टाकून आवळले. प्रत्येकावर ठोका मौनीने दिला, आणि आवाज कसा आला ते तिने मोठ्यांदा सांगितलं. आईने तसं बजावलं होतं. तिथून पुढे ते पायी चालणाऱ्याच्या वेगाने गेले. दर पाचव्या पिंपाला थांबून मौनी खाली उतरत होती. गाव यायला दुसरा दिवस उजाडला.

गावात बाबांनी आधी हत्तिणीचं पोट गोड्या पाण्याने धुतलं, कारण मीठ लोखंडाला खातं. मग नवे स्टड बसवले. आणि मग आईने दोघांनाही कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

दवाखाना कुठल्याही दवाखान्यासारखाच होता. पांढऱ्या फरशा, औषधाचा वास, भिंतीवर कानाचं मोठं चित्र, आणि एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या दहा खुर्च्यांची रांग. डॉक्टरबाईंनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची खाली कोसळत गेलेली रेघ दाखवली.

"हे आवाज तुमच्यासाठी संपलेत," त्या म्हणाल्या. "हातोडीचा वगैरे तर केव्हापासूनच ऐकू येत नसणार. दोन वर्षं कसली, चारेक झाली असतील."

"परवा आला," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाई समजूतदार हसल्या. "भास होतात कधीकधी. कानातल्या मशीनचं माप घेऊ, बाहेर बसा थोडं."

मौनीचे कान ठणठणीत निघाले. ते तिघं खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला जाऊन बसले. शेवटच्या खुर्चीत बाबा, त्यांच्या अलीकडे मौनी, तिच्या अलीकडे आई. म्हणजे दारापासून मोजलं तर आईची आठवी. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. आईच्या शेजारी सातव्या खुर्चीत एक तरणाबांड मुलगा मोबाइलवर कोणाशी तरी खिदळत होता.

आईने पिशवीतून जाड कापड काढलं आणि ती हातोडीसाठी म्यान शिवायला लागली.

"मी ठरवलंय," ती सुईकडे बघत म्हणाली.

बाप आणि लेक दोघंही सावरून बसले.

"हत्तीण राहील. गाडी तुम्ही चालवायची. ऐकायचं हिने. पण मौनीबाई, एक अट. जे ऐकू येईल ते सांगायचं. लगेच, मोठ्याने, कोणाला काय वाटेल याचा विचार न करता. गोड असो, कडू असो. कबूल?"

"कबूल," मौनी म्हणाली, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की समोरून जाणारी नर्स वळून हसली. बाबांनी आईच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं. त्यांनी मौनीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुढे कलंडली. सात वर्षांतला तो सगळ्यात चांगला क्षण होता, आणि तो जेमतेम तेवढाच टिकला.

ठण्.

दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर. तिथे काठी घेतलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी मानही हलवली नाही.

मौनीने बाबांकडे पाहिलं. बाबांचं बोट आपोआप वर गेलं होतं.

ठण्. दुसरी खुर्ची, कडेवर बाळ घेतलेली बाई. ठण्. ठण्. थांबून, आवाज विरू देऊन, घाई न करता. पाच. सहा. ठोके खुर्च्यांवर नव्हते, त्यांत बसलेल्या माणसांवर होते. मौनीच्या कानांना लोखंडाचा आवाज चांगला ठाऊक होता आणि हा लोखंडाचा नव्हता. बाहेर अंगणात ऊन पडलं होतं, कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

सातव्या खुर्चीतला तो मुलगा मोठ्याने हसला.

ठप्प.

ठप्प.

ठप्प.

"चल, ठेवतो, संध्याकाळी भेटूच," तो फोनमध्ये म्हणाला.

मौनी उठून उभी राहिली. त्या मुलाला काय सांगायचं? कुठला नट, कुठलं चाक, कुठला पाना? आणि त्याच्या पुढची खुर्ची…

"आई, ऊठ!" ती ओरडली. "ऊठ तिथून!"

सगळा दवाखाना तिच्याकडे बघायला लागला. ती आईच्या हाताला धरून ओढत होती.

"अगं, सुई टोचेल… झालं काय?" आई गोंधळून अर्धवट उठली. म्यान तिच्या मांडीवरून खाली पडलं. "काय ऐकू आलं तुला? सांग ना. काय ठरलंय आपलं?"

आणि त्याच वेळी आठवा ठोका पडला.

तो कसा वाजला, हे मौनीने आजवर आईला सांगितलेलं नाही. आणि बाबा म्हणतात, त्यांना तो ऐकूच आला नाही.